इकडे पहा, इकडे पाहू नका

कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की नको ते फोटो डिलीट करता येतात. किश्शांचं तसं नाही हो! ते साचतच जातात. त्यातून आमच्यासारख्या हौशी लोकांचं तर विचारूच नका. फोटो दोन सेकंदात निघतो, पण तो काढताना जे घडलं ते वर्षानुवर्षं डोक्यात बसून राहतं.

आमचा चौघांचा ग्रुप आहे, रायपूरचा. मी वानखेडे, सिंचन विभागात ड्राफ्ट्समन. खोब्रागडे सर रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, वयानं सर्वात मोठे. शीला दीदी शाळेत गणित शिकवते. अन् देवांगन, विजेच्या ऑफिसात. दर रविवारी सकाळी पुरानी बस्तीत चहा प्यायचा अन् कॅमेरे घेऊन निघायचं, हा नेम.

चौघांत दोन पार्ट्या. देवांगन अन् मी कॅन्डिडवाले. माणसाला कळायच्या आत फोटो काढायचा! खोब्रागडे सर अन् शीला दीदी पोजवाले. माणसाला नीट बसवायचं, विचारायचं, मग क्लिक. देवांगन ओरडायचा, "इधर मत देखो!" सर ओरडायचे, "इकडे पहा!" बिचारा समोरचा माणूस कुठं पाहणार?

* * *

अभनपूरच्या बाजारात देवांगनला एक भाजीवाली म्हातारी सापडली. तोंडात एकच दात, अन् कशावर तरी खदखदून हसत होती. देवांगननं दुरूनच टिपली. फोटो असा जबरदस्त की शीला दीदीच्या शाळेत आम्ही छोटंसं प्रदर्शन लावलं, तेव्हा दारासमोर तोच! लोक थांबून थांबून पाहायचे.

शेवटच्या दिवशी देवांगन स्वतः अभनपूरला गेला अन् म्हातारीला मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. ती आली तीच कोरं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग हळूच देवांगनला म्हणाली, "बता दे रहितेस बेटा, त बने लुगरा पहिर के बइठतेंव."

आधी सांगितलं असतंस तर चांगलं लुगडं नेसून बसले असते, एवढंच. राग नाही, तक्रार नाही.

तेव्हा कुठं आम्हाला दिसलं, फोटोत तिचं पोलकं खांद्यावर फाटलेलं होतं. देवांगननं तिथल्या तिथं फोटो खाली उतरवला.

दिसलं म्हणजे काय, आधीही दिसलंच होतं! तीन दिवस आम्ही चौघं त्या फाटक्या खांद्याला 'टेक्श्चर' म्हणत होतो.

* * *

खोब्रागडे सरांच्या "हालू नका!" ची आम्ही फार नक्कल करायचो. लहान पोरगं असो की सत्तरीचा आजोबा, सर आधी दरडावणार, "हालू नका!" एकदा चहा पिता पिता मी विचारलंच, "सर, हालला माणूस तर काय बिघडलं? जिता आहे म्हणून हालला ना!"

सर म्हणाले, "माह्या बापाचा एकच फोटो होता. लायनीवर काम करणाऱ्या मजुरायचा ग्रुप फोटो. बारा माणसं. अकरा जणायचे चेहरे एकदम साफ. बाप हालला. त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धूर."

"दुसरा नाही काढला?"

"कोण काढते? पुढच्याच उन्हाळ्यात गेला तो. मी पाच वर्साचा. चेहरा आठवत नाही मले."

देवांगननं विचारलं, "पर हिले क्यूँ, सर?"

सरांनी कप खाली ठेवला.

"मी आवाज देला होता, बाबा म्हणून."

* * *

शीला दीदीची आई शेवटी शेवटी सगळं विसरत गेली. दिवस विसरली, घर विसरली, मग शीलालाही विसरली. तिला 'बाई' म्हणायची. "बाई, पाणी देता काय?" दीदी देणार. "बाई, तुमचं गाव कोणतं?" दीदी सांगणार, वर्धा. "अगंबाई, आमचंही तेच!"

पण कॅमेरा मात्र विसरली नाही! दीदीनं कॅमेरा काढला की म्हातारी सरळ बसायची, पदर नीट करायची, दोन्ही हात मांडीवर ठेवायची. मी एकदा घरी गेलो होतो तेव्हा पाहिलं. दीदी म्हणाली, "पाहा वानखेडे भैया, मले ओळखत नाही, कॅमेऱ्याले ओळखते."

एक दिवस आईच म्हणाली, "बाई, माझ्या पोरीसंगं एक फोटो काढून द्या ना."

दीदीला काय आनंद झाला! तिनं कॅमेरा स्टूलवर ठेवला, टायमर लावला, पळत येऊन आईच्या बाजूला बसली. दिवा लुकलुकायला लागला. आईनं पदर सावरला, अन् दीदीच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही उठा जरा. माझी शीला बसणार आहे इथं."

फोटो निघाला. त्यात दीदी अर्धी उठलेली आहे.

* * *

आता माझा एक.

माझी पोट्टी शिकून पुण्याला नोकरीला निघाली. घरात आम्ही मराठी बोलतो, ती उत्तर हिंदीत देते. समजते सगळं. स्टेशनवर तिची आई पाण्याची बाटली आणायला गेली, अन् हिनं खिडकीशी डोकं टेकवलं. मी प्लॅटफॉर्मवर. सवयीनं कॅमेरा वर गेला अन् एक क्लिक झाला.

तिनं पाहिलं. "पापा, प्लीज! रोते हुए नहीं." डोळे पुसले, केस मागे घेतले, अन् असं मस्त हसली की काय सांगू! मी दुसरा काढला.

घरी येऊन बायकोला तो हसरा दाखवला. म्हटलं, "पाहा, किती खुश आहे."

बायकोनं चष्मा लावून पाहिला. म्हणाली, "हा तर तिनं देलेला फोटो आहे. तुम्ही घेतलेला कुठं आहे?"

मी म्हटलं, नाही काढला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्याशी बोललेली ती एकच खोटी गोष्ट म्हणा ना. तीही तिला कळलीच असणार.

* * *

देवांगनची बायको, आमची भाभी, तीन दिवसांच्या तापात गेली. चाळिशीसुद्धा ओलांडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी घरात फोटो शोधणं सुरू झालं. फ्रेम करायची, हार घालायचा. देवांगन कॉम्प्युटरसमोर बसला, मी बाजूला. भाभीचे फोटो? शेकड्यानं! तांदूळ निवडणारी भाभी. गच्चीवर कपडे झटकणारी, चेहरा चादरीआड. चूल फुंकणारी, अर्धा धूर. पाठ, मान, हात, ओले केस. एकाहून एक सुंदर फोटो, अन् एकातही ती समोर पाहत नव्हती.

"हर बार मैंने ही बोला भैया," देवांगन म्हणाला, "इधर मत देख, इधर मत देख."

फ्रेमवाल्याचा दोनदा फोन आला, "सामने का नहीं है क्या?"

संध्याकाळी खोब्रागडे सर आले. पिशवीतून एक फोटो काढला, स्वतःच फ्रेम करून आणलेला. मागच्या हिवाळ्यात आम्ही सगळे सरांकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी भाभीला अंगणात खुर्चीवर बसवून काढलेला. सरळ बसलेली, डोक्यावर पदर, ओठांत हसू. आम्ही तेव्हा खूप चिडवलं होतं, "सर, पासपोर्ट बनवून राहिले काय?"

देवांगननं फ्रेम हातात घेतली. पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, ये कॅमेरे में नहीं देख रही है. मैं आपके पीछे खड़ा था. मेरी तरफ देख रही है."

"हव," सर म्हणाले. "म्हणून तर त्या दिवशी मी 'इकडे पहा' म्हटलं नाही."

* * *

अन् हा सदर बाजारातला.

सकाळची वेळ, दुकानांची शटरं अर्धीच उघडलेली, स्कूटरांची गर्दी व्हायची होती. एका हातठेल्यावर एक तरुण बसला होता. दाढी वाढलेली, हातात चहाचा ग्लास. कोणीतरी काहीतरी बोललं अन् तो मान मागे टाकून हसला. मी रस्त्याच्या पलीकडून टिपला अन् पुढे गेलो. महिनाभरानं तो फोटो आमच्या ग्रुपच्या पेजवर टाकला.

चार दिवसांनी भिलाईहून एका काकांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी ते दोघं नवरा-बायको माझ्या घरी आले. काका स्टील प्लांटमधून रिटायर, मूळचे भंडाऱ्याचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा प्रशांत एक दिवस घरून निघाला तो परत आलाच नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही.

काकांनी पाकिटातून एक फोटो काढला. मुली पाहायला सुरुवात केली तेव्हा स्टुडिओत काढलेला. कोट, टाय, चापून बसवलेले केस, चेहऱ्यावर काहीच नाही. दोन वर्षं ते हाच फोटो घेऊन गावोगाव फिरत होते. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. मला तर वेगळीच माणसं वाटली. काकूंनी भुवईवरच्या तिळावर बोट ठेवलं.

"हाच."

आम्ही लगेच सदर बाजारात गेलो. चहावाल्याला काकांनी कोट-टायचा फोटो दाखवला. "ये तो कोई साहब है," तो म्हणाला. "आप पहले भी पूछ के गए थे." मग मी माझा प्रिंट दाखवला. "अरे, ये! ठेला खींचता था. बड़ा हँसमुख लड़का. अब नहीं आता, कहीं और चला गया."

"हसमुख?" काका माझ्याकडे वळले. "मंग हा दुसराच कोणी असंल. आमचा प्रशांत तसा नाही."

तरी आम्ही चौघांनी त्यांच्यासोबत सहा रविवार घालवले. स्टेशन, बसस्टँड, भाजीबाजार, धर्मशाळा. कॅमेरे घरीच. प्रशांत सापडला नाही. कुठं गेला, का गेला, कोणालाच सांगता आलं नाही.

सहाव्या रविवारी दुपारी दोघं माझ्या घरी टेकले होते. काका डोळे मिटून सोफ्यावर. काकूंच्या हातात माझा प्रिंट. येताना-जाताना त्यांच्या पर्समध्ये तोच असायचा. मला म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू काय? तुम्ही फोटो काढला तेव्हा ह्यानं तुमच्याकडे पाहिलं होतं काय?"

"नाही काकू. मी दूर होतो. त्याले माहीतच नव्हतं."

"मागून? काढल्यावर?"

"नाही. मी लगेच निघून गेलो."

"म्हणजे तुमच्यासाठी नाही हासला तो."

"नाही काकू."

त्यांनी प्रिंटवरून एकदा हात फिरवला.

"मंग खरंच हासत होता," त्या म्हणाल्या. पर्स बंद केली, अन् काकांच्या खांद्याला हात लावला. "उठा. गाडीचा टाइम झाला. आता घरी जाऊ."