एक नंबरचा पत्ता

“आपल्यातलं की बाहेरचं?”

कुणाचंही मशीन अडलं की ती आधी हे विचारायची. विचारणं कसलं, अंगावरच यायची. उत्तर यायच्या आत बसलेल्या माणसाला खुर्चीसकट बाजूला ढकलून ती उभ्याउभ्या कीबोर्ड ओढून घ्यायची. आमच्या वृत्तसंपादकांनाही तिने असं ढकललेलं आहे. ते चाकाच्या खुर्चीवरून थेट जुन्या अंकांच्या कपाटापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, “बाहेरचं, मॅडम. बाहेरचं.”

सुरतेतल्या एका गुजराती दैनिकाचं रोजचं मराठी पान आम्ही काढत होतो. उधना, लिंबायत, पांडेसरा भागातली खानदेशी माणसं ते वाचत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कार्यालयातले संगणक नुकतेच एकमेकांना जोडले होते आणि छापखाना शहराबाहेर, सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत होता. पान लावायचं इथे, छापायचं तिथे, मध्ये टेलिफोन खात्याची एक लाइन. ही सगळी जोडणी तिच्या हातात होती. एका ऑपरेटरची नोकरी वाचावी म्हणून ती भांडली आणि त्यातच तिची गेली. ते कसं झालं, हे सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

तिचे वडील रेल्वेत, उधना यार्डात. घर मूळचं भुसावळकडचं, बौद्ध. तिचं शिक्षण गुजरातीत झालं, पुढे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. मराठी भुसावळची बोलायची, शिव्या मात्र सुरतेच्या. कार्यालयात आली त्या आठवड्यात कुणीतरी तिचं आडनाव विचारून घेतलं आणि मग पाण्याच्या माठाकडे बघितलं. तिने ते बघणं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःची बाटली घेऊन येऊ लागली, आणि त्या माठाकडे जाणाऱ्या प्रत्येकाकडे टक लावून पाहू लागली. महिनाभरात निम्म्या लोकांनी घरून बाटल्या आणायला सुरुवात केली.

तुमच्याही कार्यालयात असं एखादं माणूस असेल. कामाला चोख, आणि जवळ बसवून घ्यायला कुणी तयार नाही. ती नेहमी बरोबर असायची असंही नाही. टेबलांखालून जाणारी तार कुठेही सैल झाली की सगळी मशीनं एकदम मुकी व्हायची. एकदा तसं झालं तेव्हा तिने आमच्या मुद्रितशोधकांना, निवृत्त मास्तरांना, सगळ्यांसमोर झापलं. “पाय आवरा! घरी सतरंजीवर बसता ना? इथेही मांडी घाला!” मास्तरांचा चेहरा पडला. मग कळलं की तार उंदराने कुरतडली होती. तिने माफी मागितली नाही. उंदराला शिव्या दिल्या, तेवढ्याच जोरात.

पत्त्याची भानगड तिनेच मला समजावून दिली. प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक पत्ता असतो, इथवर मला कळलं होतं. पण त्याखाली ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून आणखी एक पत्ता भरलेला असायचा, आणि तो सगळ्या मशीनांवर एकच होता. हे काय, असं मी विचारलं.

“महिधरपुऱ्यात हिऱ्याची पुडी समोरच्याच दुकानात द्यायची असेल तर काय करतात?” तिने उलट विचारलं.

“हातात नेऊन देतात.”

“आणि मुंबईला?”

“आंगडियाकडे, तो पोचवतो.”

“आंगडिया कुठल्या गाडीने जातो, कुठे उतरतो, माहीत असतं?”

“नाही.”

“मशीनलाही नसतं. आपल्यातलं असेल तर ते हातोहात देतं. बाहेरचं असेल तर या एका पत्त्यावर सोपवतं आणि मोकळं होतं. पुढचं त्याने बघायचं. आता हा पत्ता बिघडला तर काय होईल? आतलं सगळं चालेल. इथल्या प्रिंटरमधून प्रुफं निघतील, एकमेकांच्या फायली दिसतील. बाहेर मात्र काही जाणार नाही. आतलं चालतं म्हणून तुम्हाला कळत नाही. आणि मग माझ्या नावाने ओरडता.”

“मी अजून ओरडलो नाही.”

“ओरडाल.”

हा गेटवे म्हणजे कोपऱ्यातलं एक जुनं मशीन होतं. त्याच्यापुढे कुणी बसत नसे, पडदा बंदच असायचा. त्याच्या पत्त्याच्या शेवटी एक हा आकडा होता. सचिनला जाणारं प्रत्येक पान त्याच्यातून जायचं.

दैनिकाच्या मालकाचा, शेठचा भाचा त्या वर्षी व्यवस्थापक म्हणून आला. काचेची केबिन केली. सुरतेत आकड्यांचे शौकीन पुष्कळ. याच्या गाडीचा नंबर एक, मोबाइलच्या शेवटी ओळीने एक. आपल्या संगणकाच्या पत्त्याच्या शेवटी सत्तावीस आहे हे त्याला कळलं त्या दिवशी तो केबिनच्या बाहेर आला.

“बेन, मने एक नंबर जोईए.”

“तो गेटवेचा आहे.”

“तो एने बीजो आपो.”

त्याला दुसरा द्या, म्हणजे झालं. यात त्याचं काही चुकलं नव्हतं आणि तिनेही तसं सांगितलं. गेटवेला कुठलाही नंबर चालतो. फक्त सगळ्या मशीनांवर जाऊन तो बदलावा लागतो. “रविवारी करते. तोवर थांबा.”

तो थांबला नाही.

तिच्या सुट्टीच्या दिवशी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनचं झाकण दाबाने उडालं आणि उकळतं पाणी एका कामगाराच्या अंगावर आलं. शिरपूरकडचा तरुण. सकाळी बातमी आली ती मृत्यूची. दुपारी पान सचिनला गेलं त्यात ‘मृत्यू’ होतं. त्यानंतर आमच्या बातमीदाराने वॉर्डात जाऊन त्याला पाहिलं. तो जिवंत होता, पाणी मागत होता. पान दुरुस्त केलं आणि पुन्हा पाठवायला ऑपरेटरकडे दिलं.

हा ऑपरेटर नंदुरबारकडचा. आधी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. मराठी टायपिंग शिकून तो त्या आवाजातून सुटला होता आणि पुन्हा तिकडे जायच्या कल्पनेने त्याला घाम फुटायचा. हे त्याने आम्हाला अनेकदा सांगितलेलं. त्याने पान पाठवलं. पडद्यावर आलं की पान रांगेत लागलं आहे. नेहमीप्रमाणे त्याने सचिनला फोन केला. “पान आलं का?”

“आलंय.”

आलं होतं. दुपारचं. पलीकडच्या माणसाने फायलीचं नाव बघून सांगितलं, आणि दोन्ही पानांचं नाव एकच होतं. इतक्या महिन्यांत एकच पान दोनदा पाठवायची वेळ कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंक वाचून कुणीतरी गावी फोन केला आणि तिथून जीप भरून माणसं आली, ती अंत्यविधीच्या तयारीने. आई पुढे बसली होती. मुलगा जिवंत आहे हे तिला वॉर्डाच्या दारात सांगितलं. ती तिथेच कोसळली.

सुट्टी संपवून ती कार्यालयात आली ती सरळ कोपऱ्यातल्या मशीनकडे गेली आणि त्याचा पडदा चालू केला. त्यावर सूचना होती: हा पत्ता दुसरं मशीन वापरत आहे. कुठलं मशीन, हे शोधायला तिला वेळ लागला नाही. प्रत्येक मशीनमधल्या कार्डाचा कारखान्यातूनच आलेला क्रमांक असतो. तो तिने जुळवला आणि काचेच्या केबिनकडे पाहिलं.

शेठच्या खोलीत आम्हाला बोलावलं गेलं. शेठ, भाचा, वृत्तसंपादक, ऑपरेटर, ती आणि मी. भाचा म्हणाला, ऑपरेटर पान पाठवायला विसरला. ऑपरेटर म्हणाला, “पाठवलं व्हतं सायेब.”

“त्याने पाठवलं,” ती म्हणाली. “आणि ते यांच्या मशीनमध्ये गेलं. यांनी गेटवेचा नंबर उचलून स्वतःला लावला. मशीनने सांगितलं, हा नंबर दुसऱ्याकडे आहे. मग यांनी काय केलं, विचारा.”

भाच्याने लपवलं नाही. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. तो हसत म्हणाला की कोपऱ्यातलं मशीन त्याने जरा वेळ बंद केलं, स्वतःचं चालू केलं, नंबर मिळाला, मग कोपऱ्यातलं परत चालू केलं. “बधुं चालतुं हतुं. प्रिंट पण नीकळती हती.”

“आतलं चालत होतं!” ती ओरडली. “बाहेरचं सगळं तुमच्याकडे येत होतं. आणि तुमचं मशीन ते पुढे देत नाही. घेतं आणि टाकून देतं. संध्याकाळभर या माणसाचं पान तुमच्या दारात येऊन मरत होतं.”

शेठ वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त भाचा होता. तो सावकाश म्हणाला की कुणाला तरी जबाबदार धरावं लागेल, गावाहून आलेले लोक बाहेर उभे आहेत. ऑपरेटरने नीट खात्री करायला हवी होती. त्याने उद्यापासून येऊ नये.

तिने टेबलावर हात आपटला. शाईची दौत उडाली. “खात्री केली त्याने! फोन केला! ज्याने दार पळवलं तो खुर्चीत बसलाय, आणि ज्याने दार वाजवलं त्याला काढता?”

त्यानंतर जे झालं त्याची तिने तयारी केली नव्हती. ऑपरेटरने हात जोडले. “सायेब, चूक माझीच झाली. पुन्हा नाही होणार. नोकरी ठेवा.”

खोलीतला ताण एकदम उतरला. शेठ खुर्चीत मागे रेलला, सुटल्यासारखा. त्याने ऑपरेटरला माफ केलं. मग तिच्याकडे वळून शांतपणे म्हणाला, “बेन, ए पोते कहे छे. हवे तमारे शुं?”

तो स्वतः म्हणतो आहे, आता तुमचं काय?  

खाली चहाच्या हातगाडीवर तिने ऑपरेटरला गाठलं. “का बोललास? मी तुझ्यासाठी भांडत होते ना?”

तो कपात बघत राहिला. “ताई, तुमले दुसरी नोकरी भेटी. माले कोन लेई?”

तिने कप खाली ठेवला. तो फुटला नाही, याचाही तिला राग आला असावा, कारण तिने तो पुन्हा उचलून पुन्हा ठेवला. “लूमवर आवाज असतो म्हणतोस,” ती म्हणाली. “इथे काय असतं मग?” आणि वर निघून गेली.

भाच्याचं मशीन बंद ठेवून त्या संध्याकाळचं पान गेलं, आणि दुसऱ्या दिवशी चौकटीत दिलगिरी छापून आली. ‘तांत्रिक कारणामुळे’ चुकीचं वृत्त प्रसिद्ध झालं, वगैरे. तिने अंक वृत्तसंपादकांच्या टेबलावर टाकला.

“तंत्राने काय केलं?”

“मॅडम, असं लिहायची पद्धत आहे.”

“तंत्र बरोबर होतं. त्याला जिथे द्यायला सांगितलं होतं तिथेच त्याने दिलं. तुमच्या तांत्रिक कारणाला पत्ता आहे, काचेत बसतं. लिहा!”

वृत्तसंपादकांनी दार लावून घेतलं. दुपारी तिला सांगण्यात आलं की उद्यापासून येण्याची गरज नाही.

ती लगेच गेली नाही. तिने कोपऱ्यातल्या मशीनला दुसरा नंबर दिला. मग एकेका टेबलाशी जाऊन, माणसाला खुर्चीसकट ढकलून, गेटवेच्या जागी तो नवा आकडा भरला, मशीन बंद करून चालू केलं, सचिन लागतं का ते पाहिलं, आणि पुढच्या टेबलाशी गेली. कुणाशी बोलली नाही. मास्तर तिला येताना पाहून स्वतःच खुर्ची मागे घेऊन उभे राहिले. भाच्याचं मशीन तिने शेवटी केलं. तेवढ्या वेळ तो बाजूला उभा होता. “घ्या,” ती म्हणाली. “एक नंबर तुमचा. आता तुमच्याकडे कोणी येणार नाही.”

बाटली उचलली आणि गेली. निरोप समारंभ नव्हता, पेढे नव्हते. तिच्या जागी आलेला माणूस गोड बोलायचा आणि मशीन अडलं की सगळं बंद करून सगळं चालू करायचा.

पुढे काही आठवड्यांनी एक तरुण कार्यालयात आला. मानेपासून कोपरापर्यंत कातडी गुलाबी, ताणलेली. सदरा सैल घातलेला. पलसाण्याचा तोच कामगार. त्याने तिची चौकशी केली. ती लिंबायतला त्याच्या खोलीवर गेली होती, शुश्रूषेसाठी तिथे थांबलेल्या त्याच्या आईसमोर बसून तिने झालेलं सगळं सांगितलं होतं. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. आईने तिच्यासाठी डबा पाठवला होता.

“त्या आता इथे नसतात,” कुणीतरी म्हणालं.

तरुण डबा हातात धरून उभा राहिला. कुणाकडे द्यावा ते त्याला कळेना. तेव्हा ऑपरेटर उठला. त्याने संपूर्ण दालनाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, अहिराणीत, सांगायला सुरुवात केली. “पान मी धाडेल व्हतं, भाऊ. तुन्ही बातमी दुरुस्त करीसन धाडेल व्हतं. ते त्याना मशीनमा जाईसन मरी गयं.” आणि त्याने बोट केलं ते काचेकडे. भाच्याला अहिराणी येत नव्हती. बोट कळलं.

तरुणाने काचेकडे पाहिलं, मग ऑपरेटरकडे.

“मंग त्या ताईले काबर काढं?”

तिला का काढलं, या प्रश्नाचं उत्तर दालनात सगळ्यांना माहीत होतं. ऑपरेटरने आपलं मशीन बंद केलं, पिशवी खांद्याला लावली, तरुणाच्या हातातला डबा घेतला आणि म्हणाला, “चाल. तिन्हं घर माले म्हाईत शे.” दोघे जिना उतरून गेले. पान सुटायला अजून अवकाश होता. ते अर्धंच लागलेलं होतं.

भाचा काचेतून बाहेर आला. त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

“पानुं कोण मोकलशे?” त्याने विचारलं. पान कोण पाठवणार?

कोणीही उठलं नाही.