अंधेरीच्या व्हरांड्यातली हाक

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांनाही नाही. नातीला सांगून लिहून घेता आलं असतं, पण तिने मधेच ‘आजोबा, तुम्ही लहान होता हो’ म्हटलं असतं. ते ऐकायचं नाही. म्हणून स्वतःच ब्रेलमध्ये टोचतोय.

आंधळा म्हातारा म्हणून तुम्हीही मला सूट देऊ नका. आयुष्यभर तीच सूट खात आलोय.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही मुलुंडला राहायचो, वडील सरकारी कचेरीत. घरी मला पाण्याचा पेलासुद्धा हातात मिळायचा. आणि मग अंधेरीच्या एका शाळेत अंध मुलांची स्पर्धा भरली – वेताची खुर्ची विणायची, जोडीने. एकाने वरून वेत भोकात घालायचा, दुसऱ्याने खालून ओढायचा. माझ्या जोडीला आला भांडुपचा दिगंबर. गिरणी कामगाराचा मुलगा, मालवणी.

“खेच रे मेल्या, झोपलंस काय?” हे त्याचं पहिलं वाक्य.

माझ्यावर तोवर कुणी ओरडलंच नव्हतं – तुम्हाला कळतंय का, ते किती बरं वाटलं? दुपारपर्यंत मी वसंताचा वश्या झालो होतो, तो दिगा. एकाच्या बोटांना दुसऱ्याची बोटं भोकाभोकातून लागत होती. आजूबाजूला सगळी आमच्यासारखी मुलं, एकमेकांवर आदळत, हसत. तिथे कुणीच बिचारं नव्हतं.

तिथली एक रीत होती. नावाने हाक आली की ‘हो’ म्हणायचं, कितीही कामात असलो तरी. डोळस माणूस गप्प बसला तरी दिसतो. आमच्यातला गप्प बसला की तो नसतोच.

आमची खुर्ची पहिली आली. पहिल्या जोडीला वेताच्या खुर्च्यांच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून घेणार होते. अट एवढीच, की दोघांनी मिळून आत परीक्षकांच्या टेबलापाशी जाऊन होकार द्यायचा. दिग्याच्या वडिलांचं काम सुटलं होतं. त्याला ती जागा हवीच होती. आणि मला? मला दिगा हवा होता.

मग मला घेऊन आलेल्या बाबांनी मला शाळेच्या मागच्या व्हरांड्यात बसवलं. हलक्या आवाजात म्हणाले, “वसंता, तो मुलगा देवळाच्या पायरीवर पेटी वाजवत बसतो. लोक पैसे टाकतात. उद्या तुलाही त्यातलाच समजतील.”

एवढंच. नाही जायचं असं काही म्हणाले नाहीत. चहा आणायला गेले.

घरात पुढे सांगितलं गेलं, की तो मुलगा आधीच निघून गेला होता. मीही मान डोलावली. खोटं आहे ते. बाबांनी माझं तोंड दाबलं नव्हतं. बाबा तिथे नव्हतेच.

दिगा आला. भिंतीला हात लावत, बाकं चाचपत.

“वश्या... खंय असस रे? टेबलार बोलवतत आपल्याक.”

मी श्वास धरला. पाय आत ओढून घेतले – हो, पायसुद्धा. त्याचा हात माझ्या बाकाच्या कडेला लागला.

“वश्या?”

‘हो’ म्हणायला काय लागतं?

तो थांबला. आमच्या दोघांच्या हातांना भिजल्या वेताचा वास होता, सकाळपासूनचा. त्याने श्वास ओढलेला मी ऐकला. मग तो अगदी हळू म्हणाला,

“वास येता वेताचो.”

आणि थोड्या वेळाने, “बरां. रवांदे तर.”

भिंतीवरून त्याचा हात सरकत गेला. आत दुसऱ्या जोडीचं नाव पुकारलं.

पुढे मला टेलिफोन ऑफिसात चांगली नोकरी लागली. निवृत्त होईपर्यंत लोकांच्या हाकांना तत्परतेने उत्तरं दिली, त्याबद्दल निरोप समारंभात माझं कौतुकही झालं. दिग्याचं काय झालं, मला माहीत नाही. मी शोधलं नाही. भांडुप मुलुंडच्या शेजारी आहे.

मी तिथेच होतो. तो हाक मारत होता आणि मी ऐकत होतो. त्यालाही ते कळलं होतं.