एका मागाचे दोघे उमेदवार

परळच्या एका गिरणीत मागावरच्या एकाच जागेसाठी आम्हा दोघांची चाचणी होती. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यायचं; एकच धोटा सगळ्या विणकरांच्या तोंडी फिरायचा. दुसरा उमेदवार नुकताच बौद्ध झालेला. नाव विचारायचं राहूनच गेलं. सारखा मनगटानं ओठ पुसत होता.

त्यानं धोटा तोंडाला लावला, तोच एक जुना विणकर खेकसला, "ह्याचं उष्टं आम्ही चोखायचं काय?"

तरी त्यानं सूत ओढून पाहिलं. दोनदा सूत निसटलं.

"सरावात एकदाही चुकलो नाही गड्या," तो मला म्हणाला. "आता तोंडात थुंकीच उरली नाही."

माझं सूत पहिल्याच दमात आलं. माझ्या थुंकीला कोण उष्टं म्हणणार? जागा मला मिळाली.

संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत 'मराठी माणूस एक आहे' असं मी घसा फोडून सांगितलं. तो आला नव्हता. कशाला येईल?