ट्रामच्या शेडमध्ये काय बघायचं?

आमच्या शाळेच्या हेरिटेज क्लबात आम्ही तिघंच: मी, झोया आणि निहाल. तिघांनी मिळून एक मॉडेल करायचं होतं, पण मॉडेलपेक्षा किस्सेच जास्त तयार झाले. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे ते सगळे माझ्याकडेच साठलेत.

*

आंतरशालेय प्रदर्शनासाठी जुन्या इमारतीचं मॉडेल हवं होतं. बाकीच्या शाळांनी किल्ले आणि राजवाडे घेतले. मी स्कॉटलंडमधल्या एका समुद्रकाठच्या गावातली ट्रामची शेड आणि शेजारची वेटिंग रूम निवडली. तिथली ट्राम केव्हाच बंद झाली, इमारती मात्र अजून उभ्या आहेत.

क्लब बघणाऱ्या मिस म्हणाल्या, “शेड म्हणजे हेरिटेज नव्हे, बेटा. गुरुवारपर्यंत विषय बदल.”

गुरुवारी मी फॉर्मवर पुन्हा तेच लिहिलं. फॉर्म परत आला. तिसऱ्यांदा ‘बदलाचं कारण’ या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘बदल नाही.’

मिसनी सही केली आणि म्हणाल्या, “जजना आवडलं नाही, तर क्लब खलास. तीन मुलांसाठी कोण चालवणार?”

*

भिंती निहालने केल्या. अगदी सुबक. फक्त प्रत्येक खिडकीखाली एसीचं आउटडोअर युनिट.

“फोटोत कुठे आहेत ही?” मी विचारलं.

“मागच्या बाजूला असतील. नाहीतर माणसं आत बसतील कशी?”

“अरे, तिथे थंडी असते.”

निहाल इथेच, दोह्याच्या बिन महमूद भागात जन्मला आणि वाढला. त्याने जरा विचार केला.

“मग हीटिंग मोडवर.”

*

झोयाने इथल्या हॉटेलांत असते तशी वेटिंग रूमच्या मधोमध भिंत घातली आणि एका दारावर लिहिलं, ‘फॅमिली’.

“हे तुझ्या मनाचं आहे,” मी म्हणाले.

दोन दिवसांनी मला त्या इमारतीचा जुना नकाशा सापडला. एका दारावर लिहिलं होतं, ‘लेडीज’.

झोया म्हणाली, “आता सॉरी म्हण.” मी म्हटलं.

*

माझे अब्बा मूळचे रत्नागिरीचे, इथे दोह्यात ट्रामच्या डेपोत टेक्निशियन आहेत. ड्युटीवरून आले आणि बूट न काढताच जेवणाच्या टेबलावरच्या मॉडेलवर वाकले.

“पिट कुठाय?”

“कसला पिट?”

“गाडीखाली उतरायचा खड्डा. चाकं काय वरून बघणार?”

“आधी हात धुवा,” अम्मी म्हणाली.

अब्बा हात धुऊन आले आणि कटर घेऊन टेबलाशी बसले. आम्ही खाली चटईवर जेवलो.

*

प्रदर्शनात आमचं टेबल दाराआड लागलं. मिस हळूच म्हणाल्या, “विचारलं, तर राजवाड्याचा तबेला म्हणून सांगा.”

बोलायचं काम झोयाचं होतं. पण जजनी माझ्याकडे बघून विचारलं, “हे काय आहे?”

मिसही माझ्याकडेच बघत होत्या.

“ट्रामची शेड, सर.”

“इथे कोणी राजा वगैरे येऊन गेला होता?”

“नाही.”

“मग हिच्यात बघण्यासारखं काय?”

मी हात पाठीमागे धरले.

“सर, तुम्ही आज कशाने आलात?”

“मेट्रोने.”

“ती रात्री कुठल्या शेडमध्ये जाते, माहीत आहे?”

“नाही.”

“म्हणूनच,” मी म्हणाले.