टिकलीखालचा पिवळा दिवा

माझे बाबा रेल्वेत इंजिन चालवायचे. इंजिनात दोघं बसतात, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. समोरचा सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं बोलायचा आणि दुसऱ्यानं तोच परत बोलायचा, असा नियम. दोघांच्या तोंडून आला म्हणजे दोघंही जागे आहेत. बाबांची ही सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. आमची गाडी शंकर नगरच्या चौकात आली की ते म्हणायचे, "लाल." बाजूला बसलेली आई शेंगदाणे सोलता सोलता म्हणायची, "लाल." काच खाली असायची, शेजारचे स्कूटरवाले बघायचे आणि मी मागच्या सीटवर कपाळाला हात लावून बसायचे.

गाडी घेतली ती छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं त्या सुमारास. गावाला तेव्हा नुसता चेव आला होता. रोज कुठं ना कुठं रस्ता खोदून राहिले होते, आणि कालपर्यंत ज्या साध्या वस्तीला आम्ही पारा म्हणायचो तिथं साहेबलोकांच्या पाट्या लागत होत्या. आईनं टुमणं लावलं, "राजधानीत राहतो ना आपण? मंग रिक्षानं काहून फिरायचं?" बाबांनी एक लहानशी पांढरी गाडी आणून दारात उभी केली. आईनं तिला ओवाळलं आणि ड्रायव्हरच्या बाजूची सीट जी पकडली ती कधी कोणाला दिली नाही. मलाही नाही.

बरीच वर्षं गाडीनं तक्रार केली नाही. मग एक दिवस स्टीअरिंगच्या मागं इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला आणि लागूनच राहिला. मेकॅनिक म्हणाला, सेन्सर थकलेत. इंजिनात हवा किती गेली, ते तापलं किती, हे सांगणारे बारके पुर्जे असतात, ते आता उलटसुलट सांगून राहिले. "चलेगी बाबूजी. पर बदल लो तो अच्छा." बाबा म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

पण बदलायचंही नाही आणि दिवा बघून गाडीही चालवायची नाही, असा सगळा घोळ. रेल्वेवाल्याला पिवळा म्हणजे सावध, पुढं थांबायची तयारी ठेव. बाबांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गुढियारीत मावशीकडे हळदीकुंकवाला निघालो तर घरापासून मावशीच्या दारापर्यंत गाडी रांगतच होती. "पिवळा," बाबा म्हणायचे आणि कडेला घ्यायचे. शेवटी आई वैतागली. तिनं कपाळावरची मरून रंगाची टिकली काढली, वाकून त्या दिव्यावर चिकटवली आणि म्हणाली, "हिरवा. चला आता."

जन्मात कधी सिग्नल न मोडलेला माणूस. त्यानं एकदा टिकलीकडे बघितलं, एकदा आईच्या मोकळ्या कपाळाकडे, आणि गाडी पुढं काढली. टिकली दिव्यापेक्षा थोडी लहान होती. तिच्याभोवती पिवळ्या उजेडाचं बारीक कडं दिसत राहायचं. पुढं मग तो खेळच झाला. बाबा मुद्दाम म्हणायचे, "पिवळा," आणि आई म्हणायची, "हिरवा."

आई होतीच तशी. दुखलं की झाकायचं. पोटात कळ आली की म्हणायची, गॅस झाला. जेवण कमी झालं तर, उन्हाळा आहे ना, भूक कुठं लागते. ब्लाऊज सैल झाले तर पिना लावून राहिली. दुखणं अंगावर काढायचं म्हणजे किती काढायचं, याला काही माप? डॉक्टरांपर्यंत गेलो तेव्हा त्यांनी बाबांना बाहेर नेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा. दिवाळीच्या आधी ती गेली. मला आजही तिचा राग येतो. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं तुझं, असं मी भांडी घासताना तिला विचारते. राग आणि रडू दोन्ही एकदमच येतात, आणि मग भांडी तशीच राहतात.

ती गेल्यावर बाबा रोज दिवेलागणीला एकटेच गाडी घेऊन जायला लागले. मला वाटलं, घर खायला उठतं, म्हणून हवा खायला जातात. एक दिवस मीही गेले. सवयीनं मागंच बसले, पुढची सीट मोकळी. चौकात बाबा म्हणाले, "लाल." कोणी काही बोललं नाही. मी बोलायला पाहिजे होतं. बाबांनी मान खाली केली आणि त्या टिकलीकडे बघत राहिले. अंधार पडला होता, पिवळं कडं छान उजळलं होतं. मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा त्यांनी मान वर केली. मग मला कळलं की ते कुठंच जात नव्हते. ते तिला भेटून येत होते.

त्याच सुमारास गाडी चालता चालता बंद पडायला लागली. सिलतराच्या रस्त्यावर, जिथं लोखंडाचे ट्रक एकामागं एक पळत असतात, तिथं ती मधोमध मेली. मागच्या ट्रकनं ब्रेक मारला तो आमच्या मागच्या काचेतून त्याचा नंबर वाचता येईल इतक्या जवळ. मी मागं बसले होते. बाबांचे हात स्टीअरिंगवरून सुटेनात.

मेकॅनिक म्हणाला, "अब तो सारे सेन्सर बदलने पड़ेंगे." आणि वर आनंदानं म्हणाला, "वो बत्ती भी बुझ जाएगी, बाबूजी."

"मंग राहू दे," बाबा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "राहू दे काय, बाबा? एक गेली ते पुरलं नाही काय तुम्हाले? दुसरीलेही घेऊन जाता का आता?"

दोन-चार दिवस गाडी तशीच उभी राहिली. मग एका सकाळी चहा पिता पिता कपाकडेच बघून म्हणाले, "मी एकटा असतो तं नसते बदलले सेन्सर. तू बसली होती मागं." आणि चाबी माझ्यापुढं सरकवली.

मी मेकॅनिकला बजावून सांगितलं, काहीही कर भैया, पण त्या टिकलीला हात लावू नको. "हव, दीदी," तो म्हणाला, आणि बिचाऱ्यानं खरंच लावला नाही. टिकली जिथल्या तिथं होती. इंजिन नव्यासारखं चालत होतं. संध्याकाळी आम्ही गाडी घरी आणली. वाटेत चार सिग्नल लागले असतील, बाबा एकही बोलले नाहीत. टिकलीच्या भोवती काळोख होता. घरी आल्यावर म्हणाले, "गाडी एक नंबर झाली, बेटा." चप्पल काढताना भिंतीला हात टेकून उभे राहिले. "पण तुझी आई नाही दिसत आता."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते दिसेनात, म्हणून बाहेर आले. गाडी पोर्चमध्येच होती आणि बाबा आत बसलेले. चाबी अर्धीच फिरवली होती. अर्ध्या चाबीवर सगळे दिवे लागतात, इंजिन सुरू झालं की विझतात. टिकलीभोवती पिवळं कडं उजळलं होतं.

"बॅटरी उतरंल, बाबा. सुरू करा ना."

"सुरू केली की जाते ते, तुझी आई."

मी पलीकडून गेले, दार उघडलं आणि पहिल्यांदा आईच्या सीटवर बसले. सीटच्या फटीत शेंगदाण्याची टरफलं होती. बाबा समोर भिंतीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "पिवळा."

उत्तर काय द्यायचं ते मला माहीत होतं. पण मी हिरवा म्हटलं असतं तर त्यांना गाडी सुरू करावी लागली असती. मी दार ओढून घेतलं आणि त्यांच्यासोबत त्या कड्याकडे बघत बसले.