बागेची बस

माझ्या डाव्या करंगळीवर एक आडवा व्रण आहे. बोट कापलं विळ्याने, पण दोष विमानाचा. खराडीला आमची शेती होती. तेव्हा खराडी हे गाव होतं आणि लोहगावच्या धावपट्टीवरून उठलेली हवाई दलाची विमानं आमच्या कांद्यावरून जायची. आवाज आधी पायात यायचा, मग छातीत, मग कानात. सुरुवातीला म्हशी दावं तोडायच्या. पुढे त्या सरावल्या, मी काही सरावले नाही. वडील बांधावरून ओरडायचे, "वर काय बगतीस गं? हातात इळा हाय, खाली बग!" कांद्याची पात कापताना त्या दिवशीही मी वर बघितलं आणि करंगळीतून भळाभळा रक्त आलं. वडिलांनी हळद दाबली आणि म्हणाले, "इमानानं पोट भरत न्हाई." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण माणसाला पोटाशिवाय आणखीही अवयव असतात, हे तेव्हा मला बोलता आलं नाही. आता येतं.

पुढे मी गणिताची बाई झाले. सासर बिबवेवाडीत, शाळाही बिबवेवाडीतच. भागाकार शिकवताना वरून विमान गेलं की मी थांबायचे आणि ते गेल्यावर पुढे सुरू करायचे. मुलांना वाटायचं बाईंना आवाजाचा त्रास होतो. निवृत्त झाल्यावर कळलं, नारायण पेठेत एका क्लासच्या वरच्या खोलीत विमानवेड्यांचं एक मंडळ महिन्यातून एकदा जमतं. मी जायला लागले. लोहगावच्या कुंपणाशी फोटो काढायला बंदी, त्यामुळे ही माणसं बघायची डोळ्यांनी आणि बोलायची तासभर. मला तिथे फार आवडायचं. सगळे पुरुष, बहुतेक निवृत्त, आणि सगळे मला 'वहिनी' म्हणायचे. कोणाची वहिनी? माझा नवरा त्यांच्यातल्या एकालाही ओळखत नव्हता. त्याने त्या खोलीचा जिनासुद्धा बघितलेला नव्हता. पण चार वर्षं मी वहिनीच राहिले आणि चहा आला की कप वाटायला सगळे माझ्याकडे बघायचे. पहिल्या दोन महिन्यांत मी वाटले. मग हाताची घडी घालून बसायला शिकले. चहा गार झाला की माणसं आपापला कप उचलतात, असा अनुभव आहे.

मंडळाने इंग्लंडची सहल काढली. एका लहानशा गावाबाहेरच्या धावपट्टीवर दर उन्हाळ्यात जुन्या विमानांच्या कसरती होतात, तिथे जायचं होतं. दुसऱ्या महायुद्धातलं चार पंख्यांचं एक बॉम्बफेकी विमान तिथे उडायचं, आणि त्या हंगामानंतर ते कायमचं उभं राहणार होतं. त्याचं चित्र मी शाळेत असल्यापासून जपलेलं होतं. आत्ता नाही तर कधीच नाही, इतकं साधं गणित होतं.

मुलगा खराडीतच एका काचेच्या इमारतीत नोकरी करतो. तो म्हणाला, "आई, यूट्यूबवर सगळं फोर-केमध्ये आहे गं. एसीत बसून बघ ना. गुडघ्यांचं काय करणारेस तिकडे?" मी म्हटलं, "तुझं लग्नसुद्धा व्हिडिओवर आहे. तरी मी हॉलवर आलेच होते." शेजारच्या बाई म्हणाल्या, विमानात बसून विमान बघायला कोण जातं? मी म्हटलं, मी. नवरा म्हणाला, "एकटी कशी जाशील? मी येतो." त्याला विमानांशी काही घेणंदेणं नाही. त्याला मानेचा जुना त्रास आहे, मान वर केली की गरगरतं. आमच्या घरातला पंखा त्याने कैक वर्षांत बघितलेला नाही. तरी आला. मी दोघांचा फॉर्म भरला, माझं नाव आधी लिहिलं, त्याचं खाली.

कसरतींच्या दिवशी सकाळी हॉटेलच्या दारात दोन बस उभ्या होत्या. मंडळाचे सचिव, गळ्यात शिट्टी अडकवलेले एक निवृत्त इंजिनिअर, यादी वाचायला लागले. पहिली बस विमानांना. दुसरी बस महिलांसाठी: बाग आणि खरेदी. पहिल्या यादीत माझ्या नवऱ्याचं नाव होतं. दुसऱ्या यादीत त्याच नावाला 'सौ.' लावलेलं होतं. ती मी.

मला वाटलं चूक झाली असेल. मी पुढे जाऊन म्हटलं, "मला विमानांच्या बसमध्ये जायचंय."

"वहिनी, तिकिटं मोजून काढलीत," सचिव म्हणाले. "तिथे ऊन, गर्दी, बसायला खुर्ची नाही. कंटाळाल तुम्ही. बाग फार सुंदर आहे म्हणतात."

"मंडळात चार वर्षं मी येते. फॉर्म मी भरला."

"हो, पण तिकीट साहेबांच्या नावावर आहे."

साहेब गळ्यात मानेचा पट्टा घालून चहा पीत होते.

मला बागेबद्दल काही तक्रार नाही. त्या बसमधल्या चार-पाच जणी खरोखर आनंदात होत्या, आणि बागही चांगली असणारच. पण मी समुद्र ओलांडून आले होते ते गुलाबासाठी नव्हे. मी पहिल्या बसमध्ये चढले आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसले.

सचिव पायरीवर आले. "वहिनी, उशीर होतोय."

"मग निघू या."

"अहो, असं कसं चालेल?"

"चालेल की. मी उतरणार नाही. उतरवायचं असेल तर हाताला धरून उतरवा."

मागून कोणीतरी म्हणालं, "बायकांचं हे असंच असतं."

"हो," मी मागे न बघता म्हटलं, "असंच असतं."

माझा आवाज ठणठणीत होता, हातांनी मात्र पिशवीचे बंद घट्ट धरले होते. शाळेत कोणी वर्गाबाहेर जायला नाही म्हटलं की मला राग यायचा. आता तशी अडून बसलेली मीच होते. त्यांनी खरंच हात धरला असता तर काय केलं असतं, मला ठाऊक नाही. ड्रायव्हरने आरशात माझ्याकडे बघितलं आणि च्युइंगगम चघळत राहिला.

तेवढ्यात नवरा दाराशी आला. "अहो सचिव," तो म्हणाला, "मला मान वर करता येत नाही. डॉक्टरांनीच मनाई केलीय. मी तिथे जाऊन काय करू, लोकांचे बूट बघू? मला बागेत पाठवा. फुलं खाली असतात." आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दशम्यांचा डबा विसरू नकोस." मग तो दुसऱ्या बसमध्ये सगळ्या बायकांच्या मधोमध जाऊन बसला. त्या बसमधून हसण्याचा मोठा आवाज आला.

शिट्टी वाजली, आमची बस निघाली. आणि खरं सांगते, मला नवऱ्याचाही राग आला. चांगलं वागला, तरी आला. मी इतका वेळ मराठीतच बोलत होते. तेच त्याने बोलल्यावर लगेच कळलं, असं का व्हावं?

फाटकावरच्या मुलीने नवऱ्याच्या नावाच्या तिकिटाचा कोड मशीनपुढे धरला, मशीन वाजलं, मी आत. त्या मशीनला नवरा आणि बायको यांतला फरक शिकवलेला नव्हता.

आत मैदानभर माणसं कुंपणाला रेलून उभी होती. मोठमोठे कॅमेरे, शिड्या, दुर्बिणी. आमच्या लोकांनीही कॅमेरे काढले. थोड्या वेळाने पिवळं जाकीट घातलेला एक स्वयंसेवक आमच्याकडे चालत आला आणि आमच्यातल्या सगळ्यांच्या सगळ्यांनी कॅमेरे झटकन पाठीमागे लपवले. मीसुद्धा मोबाइल पदराखाली घातला. जन्मभराची लोहगावची सवय! तो बिचारा एवढंच सांगायला आला होता की पलीकडे उभे राहिलात तर फोटो जास्त चांगले येतील. आम्ही एकमेकांकडे बघून खूप हसलो, सचिवसुद्धा. ती पाच मिनिटं मी त्यांच्यातली एक होते.

पण वारा आडवा होता. लहान विमानं उडाली. ते चार पंख्यांचं म्हातारं विमान गवताच्या कडेला उभंच राहिलं. लाउडस्पीकरवर सांगितलं की वाऱ्यामुळे त्याचं उड्डाण तूर्त थांबवलं आहे. सचिवांनी घड्याळ बघितलं. शेजारच्या गावातल्या एका भारतीय हॉटेलात एक वाजताची थाळी सांगून ठेवली होती, वरण-भातासकट. एक वाजता पुणेकराला स्वर्गातून बोलावणं आलं तरी तो आधी जेवून घेतो.

"चला," सचिव म्हणाले. "आता ते काही उडत नाही."

"थांबवलंय म्हणाले," मी म्हटलं. "रद्द म्हणाले नाहीत."

"वारा बघा की. उगाच उपाशी राहाल."

"डबा आहे माझ्याकडे."

"तुम्हाला एकटं सोडून जाता येणार नाही. माझी जबाबदारी आहे."

"मी माझ्या नवऱ्याची जबाबदारी नाही, तर तुमची कशी असेन?"

ते हात जोडून निघाले आणि बाकीचे त्यांच्या मागे. एक-दोघांनी वळून बघितलं. त्यांना राहायचं होतं, असं मला आजही वाटतं. वरण-भातापुढे त्यांचं काही चाललं नाही.

मी कुंपणाशी जाऊन गवतावर बसले आणि गुळाची दशमी खाल्ली. गुडघे दुखत होते. विमान उडालं नाही तर रात्री जेवताना काय काय ऐकावं लागेल, याची सगळी वाक्यं मी मनात तयार केली. तरी उठले नाही. उडालं नसतं तरी मी इथे आले ते बरोबरच होतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही.

दुसरी दशमी संपायच्या आत मैदानाच्या कडेचे झेंडे खाली लोंबायला लागले. वारा पडला होता. त्या विमानाजवळ माणसं पळाली. पहिला पंखा अडखळला, धुराचा भपकारा आला, मग तो फिरायला लागला. मग दुसरा, तिसरा, चौथा. मी कुंपणाला धरून उठले. ते वळून धावपट्टीवर आलं, गवत आडवं झोपलं, आणि आवाज माझ्या पायात आला. चपलेच्या तळव्यातून पोटऱ्यांत, मग छातीत. तोच आवाज. माझ्या पायांखाली क्षणभर आमचा कांदा होता. ते जड धूड धावत माझ्यासमोरून गेलं, त्याने चाकं उचलली आणि ते वर गेलं. मी वर बघितलं. पार मान मोडेपर्यंत बघितलं. खाली बघ म्हणणारं तिथे कोणी नव्हतं. मी रडले. साठी उलटलेली बाई परक्या देशात कुंपण धरून हमसून रडली, त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं मला अजूनही वाटत नाही.

मंडळ ढेकर देत परतलं तेव्हा विमान उतरून परत जागेवर उभं होतं. शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्याने त्यांना उत्साहाने सगळं सांगितलं. त्या दिवशी ते पुन्हा उडणार नव्हतं.

संध्याकाळी माझी मान धरली, इकडेतिकडे हलेना. नवऱ्याने आपल्या गळ्यातला पट्टा काढला आणि माझ्या गळ्यात बांधला. "आज तुझी पाळी," म्हणाला. तसाच पट्टा घालून मी जेवायला गेले.

सचिव ताट घेऊन आमच्या टेबलाशी आले. मंडळाच्या पुढच्या बैठकीत सहलीचं वर्णन करायचं होतं आणि ज्यासाठी गेलो तेच बघायचं राहून गेलं होतं. ते खुर्ची ओढून बसले आणि नवऱ्याला विचारलं, "साहेब, मग काय बघितलं वहिनींनी?"

"मी गुलाब बघितले," नवरा म्हणाला. "फार छान होते. विमानाचं तिला विचारा."

सचिव माझ्याकडे वळले. "सांगा ना वहिनी."

"वहिनी म्हणू नका. मी तुमची वहिनी नाही. नाव घेऊन विचारा, सगळं सांगते."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा बटाट्याच्या भाजीत गुंतला होता. मला चेष्टा करायची नव्हती, मी खरंच वाट बघत होते. चार वर्षं दर महिन्याला आम्ही एका खोलीत बसलो होतो, आणि त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं.

मग मी ते सांगितलं. पूर्ण, मोठ्याने, आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल असं. त्यांनी भाताचा चमचा ताटात ठेवला, माझं नाव घेतलं, त्याला 'ताई' किंवा 'बाई' असं काही न लावता, आणि विचारलं, "कसं होतं?"

"आवाज आधी पायात येतो," मी म्हटलं.