चूलबंद आवतन

आमच्या गावात दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी मंदिरात गावजेवण असतं आणि त्या दिवशी कोणाच्याही घरी चूल पेटत नाही. त्याला चूलबंद आवतन म्हणतात. म्हणजे घरातल्या एकदोघांना नाही, पाळण्यातल्या पोरापासून खाटेवरच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना जेवायला बोलावलं आहे, आज घरी काही शिजवू नका. मी चौथी शिकलेली बाई आहे. देवाधर्माचं मोठं बोलणं मला येत नाही. पण देव सगळ्यांचा आहे असं सात दिवस कीर्तनात ऐकायचं आणि आठव्या दिवशी ते वाढून दाखवायचं, असा हा हिशेब आहे, एवढं मला कळतं.

मी सून होऊन आले तेव्हा पंगत बसवण्याआधी माझे सासरे मंदिराच्या ओट्यावर चढायचे आणि चारी बाजूंनी गावावर नजर फिरवायचे. कुठे धूर दिसला की तिकडे माणूस जायचा. त्या घरी कोणी रुसलेलं असायचं, नाहीतर आवतनच पोचलेलं नसायचं. गेलेला माणूस दारात हात जोडून म्हणायचा, "चूल विझवा, देव थांबला हाये." ते घर आल्याशिवाय पंगत बसत नसे. एका वर्षी एका घराने दुपार टळेपर्यंत रुसून दाखवलं. गाव उपाशी बसलं, सासऱ्यांना शिव्या पडल्या, पण पानं वाढली नाहीत.

आता घरोघर गॅस आहे. धूर निघत नाही, म्हणून ओट्यावर कोणी चढत नाही. आवतनही भोंग्यावरून देतात. समितीचा अध्यक्ष माझा पुतण्या. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी सकाळी त्याने तीनदा पुकारलं, "गावात राहणाऱ्या समस्त लहानथोरांले चूलबंद आवतन हाये हो!"

गावाच्या टोकाला टिनाच्या शेडात एक कोलाम आदिवासी बाई राहत होती. केळापूरकडून कापूस वेचायला आलेली. सोबत म्हातारी सासू आणि दोन लहान पोरी. माझ्याच वावरात वेचत होती. मी मंदिराकडे निघाले तेव्हा ती रस्त्यात उभी होती.

"माय, ते आमाले बी हाये का?"

"भोंग्यात काय म्हणलं? समस्त म्हणलं ना? मग कायले इचारतं? पेटवू नको चूल."

म्हणजे शब्द समितीचा होता तसा माझाही होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी दुसऱ्यांनाच बोलते असं वाटेल.

चौघी बारा वाजता आल्या. पोरींच्या केसांना तेल लावलेलं, म्हातारी काठी टेकत. फाटकावर समितीचा एक माणूस गळ्यात दुपट्टा घालून उभा होता. "गावातल्या बाया बसू द्या आधी, तुमाले मागून बसवतो," म्हणाला. त्या भिंतीपाशी, चपलांच्या ढिगाजवळ बसल्या. मी वरणाची बादली घेऊन वाढत होते. मला दिसत होतं. "बसा, येतेच," असं मी दोनदा म्हणाले आणि पुढच्या पानावर गेले.

पुरुषांच्या दोन पंगती उठल्या, बायांच्या दोन उठल्या. पाचवी बसणार तेवढ्यात यवतमाळवरून दोन गाड्या आल्या. पाहुण्यांना टेबल-खुर्च्या लागल्या. माझा पुतण्या, जो स्वतःच्या बापाला कधी पाण्याचा गिलास देत नाही, तो हातात ताट घेऊन वाकून बुंदी वाढत होता. "घ्या साहेब, देवाचा प्रसाद हाये, नाही म्हणू नये." साहेब पोटावर हात फिरवत नाही म्हणत होते, हा वाढतच होता. त्यांची जेवणं झाली तशी गाड्यांमध्ये डबे गेले. बुंदीचे, वांग्याच्या भाजीचे, पुऱ्यांचे. मी स्वयंपाकाच्या गंजात पाहिलं तर तळाला करपलेला भात.

मी पुतण्याला बाजूला घेतलं. "त्या चौघी राह्यल्या."

"कोण चौघी?"

"त्या भिंतीपाशी. सकाळपासून उपाशी हायेत."

"अवो काकू, ते काय आपल्या गावचे हायेत? चार दिवसाचे पाव्हणे लोक."

"मग गाडीतले काय तुया गावचे हायेत?"

"तुमी मोठ्यानं नका बोलू. सरलं ते सरलं. देवाचा प्रसाद कणभर भेटला तरी पोट भरते."

आणि खरंच त्याने जाऊन चौघींच्या तळहातावर चिमूट चिमूट बुंदी ठेवली. वर एकाला फोटो काढायला लावला. धाकटी पोरगी हात चाटून पुन्हा पुढे करत होती. तिच्या आईने तो खाली ओढला.

मी बादली तिथेच ठेवली आणि चौघींना घेऊन घरी आले. घरात गॅस होता. पण मी मुद्दाम अंगणातली, अंघोळीचं पाणी तापवायची चूल पेटवली. कापसाची वाळकी पऱ्हाटी घातली, वर अर्धवट ओली गोवरी ठेवली. धूर असा उठला की कडुलिंबाच्या वर गेला.

ती बाई घाबरली. "माय, नका करू. लोक म्हणतीन, आमच्यापायी चूल पेटली."

"म्हणू दे. तू पीठ मळ."

भाकरी आणि बेसन केलं. म्हातारीला दात नव्हते, तिला भाकर बेसनात चुरून दिली. चौघी जेवत होत्या. एवढ्यात पुतण्या आला, मागे समितीचे दोघे.

"काकू! देवाच्या दिवशी चूल? साऱ्या गावाले धूर दिसून राह्यला!"

"दिसला ना? तुया आज्याले दिसला असता तर तो काय करायले आला असता?"

त्याला माहीत होतं. लहानपणी तोच आजोबांच्या खांद्यावर बसून धूर शोधायचा.

"म्हण ना," मी म्हटलं. "हात जोड आन म्हण, देव थांबला हाये. तुया देव त गाडीत बसून यवतमाळले गेला!"

समितीतला एक फिसकन हसला. पुतण्या लाल झाला आणि निघून गेला. थोड्या वेळाने एक डबा घेऊन परत आला. कोणाच्या घरासाठी बाजूला काढलेला होता देव जाणे. तो त्याने म्हातारीपुढे ठेवला आणि खाली पाहत म्हणाला, "घ्या आजी, प्रसाद."

म्हातारीने तोंडातला घास संपवला. डबा काठीने मागे सरकवला. "भूक होती तवा नाही देल्ला," म्हणाली, आणि सुनेकडे अजून बेसन मागितलं.

पुतण्याने डबा उचलला. तेव्हापासून मला वाढायला बोलावत नाहीत. मला त्याचं काही नाही, कंबर तशीही दुखते.

मागच्या वर्षी पुन्हा भोंगा वाजला, पुन्हा समस्त लहानथोर. मी मंदिराच्या ओट्यावर चढले. गुडघ्यांनी जीव खाल्ला. चारी बाजूंना पाहिलं, धूर कुठेच नव्हता. म्हणून शेडापर्यंत चालत गेले. शेड रिकामं होतं. तीन दगडांच्या चुलीत पावसाने बसलेली राख होती. ती बाई आमच्या गावात पुन्हा वेचायला आली नाही. तिने यावं तरी कशाला?

परत येताना मंदिरात पंगत बसली होती. मी आत गेले नाही. घरी येऊन अंगणातली चूल पेटवली, ओली गोवरी घातली. धूर चांगला उंच गेला. यंदाही पेटवली.

अजून कोणी बोलवायला आलं नाही.